बिल मालकाचे, बटण कामगाराचे : हॉटेलातील कर्मचाऱ्यांना ऊर्जाबचतीची गोडी कशी लावावी

दुपारी बाराला चेकआउट झालेल्या खोलीत चार वाजता सहज डोकावून पाहावे. पाहुणा कधीच निघून गेलेला असतो, पलंगावर नवी चादर ताणून घातलेली असते, आणि एसी मात्र १८ अंशांवर चालू असतो. दाराजवळच्या ज्या खाचेत कार्ड असेपर्यंतच खोलीतली वीज चालू राहते, तिथे खोलीचे कार्ड नसते. तिथे कोणाचे तरी जुने व्हिजिटिंग कार्ड किंवा पत्त्यांच्या कॅटमधला एखादा गुलाम खोचलेला असतो. साध्या बनावटीच्या खाचेला एवढे पुरते. ते कार्ड खोचणारा हाउसकीपिंगचा मुलगा बेफिकीर आहे असे गृहीत धरून जे व्यवस्थापक कामाला लागतात, त्यांच्या वीजबचतीच्या मोहिमा तीन महिन्यांच्या आत विरून जातात, असे मी हॉटेलांच्या देखभाल विभागात घालवलेल्या वर्षांत अनेकदा पाहिले आहे. हाच मुलगा आपल्या गावच्या घरी खोलीतून बाहेर पडताना न चुकता दिवा मालवतो, कारण तिथले बिल त्याच्या वडिलांच्या नावावर येते. हॉटेलात वीज वापरणारा पाहुणा युनिटप्रमाणे पैसे देत नाही, बटणे हाताळणारा कर्मचारी तर काहीच देत नाही, आणि जो मालक सगळे देतो तो त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. दोष या मांडणीत आहे, आणि म्हणून ‘वीज वाचवा, देश वाचवा’ अशा व्याख्यानाने त्यात फारसा फरक पडत नाही.

पुढील सूचना चाळीस ते शंभर खोल्यांच्या हॉटेलाचे मालक, व्यवस्थापक आणि विभागप्रमुख यांच्यासाठी आहेत. मोठ्या साखळी हॉटेलांत यांतल्या बऱ्याच गोष्टी यंत्रणेवर सोपवलेल्या असतात. मधल्या आकाराच्या हॉटेलात त्या माणसांवरच अवलंबून असतात.

आधी कारण विचारावे

मोहीम जाहीर करण्यापूर्वी पंधरा दिवस नुसते विचारत फिरावे. ही विचारपूस जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये करू नये; तिथे सगळे जण ‘हो साहेब’ म्हणून परत जातात. स्टाफ कँटीनमध्ये, लाँड्रीत, भांडी घासण्याच्या जागी, ज्याच्या त्याच्या कामाच्या ठिकाणी विचारावे. प्रश्नही ‘तुम्ही दिवे का बंद करत नाही?’ असा नसावा. ‘रोज डोळ्यांसमोर काय वाया जाताना दिसते?’ असा असावा, कारण पहिल्या प्रश्नाला सबब मिळते आणि दुसऱ्याला माहिती. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी माहिती रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाकडे असते. कोणता दिवा रात्रभर जळतो, बँक्वेट हॉलचा एसी समारंभानंतर किती वाजेपर्यंत चालतो, गच्चीवरची कोणती मोटर विनाकारण घरघरत राहते, हे त्याला तोंडपाठ असते. मात्र त्याला ते आजवर कोणी विचारलेले नसते.

अशा विचारपुशीतून निघणारी कारणे बहुधा शहाणपणाचीच असतात. रिकाम्या खोलीतला एसी चालू ठेवला जातो, कारण पाहुणा आत शिरताच खोली गार लागली नाही तर तो रिसेप्शनला फोन करतो आणि बोलणी मुलाला बसतात. कार्डाची खाच फसवली जाते, कारण एका पाळीत बारा-पंधरा खोल्या आवरताना उकाड्यात पलंगाच्या जड गाद्या उचलाव्या लागतात. कोकण, गोवा आणि महाबळेश्वर या भागांत पावसाळ्यात आणखी एक कारण असते, ते म्हणजे कुबट वास. खोली दोन दिवस बंद राहिली की पडद्यांना आणि गाद्यांना ओल धरते, कपाटात बुरशी येते, म्हणून हाउसकीपिंगवाले एसी अहोरात्र चालू ठेवतात. हा उपाय अर्धवट असला तरी त्यामागची काळजी खरी आहे. एसी १८ वर ठेवल्याने भिंती थंड होतात, दार उघडताच बाहेरची दमट हवा त्यांच्यावर येऊन पाणी धरते आणि बुरशीला उलट आमंत्रणच मिळते. त्याऐवजी दिवसातून ठरावीक वेळ एसी हवा कोरडी करण्याच्या पद्धतीवर (‘ड्राय मोड’वर) चालवणे, उघडीप मिळताच खिडक्या उघडणे आणि कपाटांची दारे किलकिली ठेवणे अधिक गुणाचे ठरते. हे कारण समजून न घेता ‘रिकाम्या खोलीतला एसी बंद’ असा हुकूम काढला, तर आठवड्याभरात पहिली वासाची तक्रार येते आणि हुकूम आपोआप रद्द होतो.

काही कारणे तर थेट मालकाच्या दाराशी येऊन थांबतात. लाँड्रीतले यंत्र अर्धे भरून का चालवता, असे विचारल्यावर एका अनुभवी धोब्याने मला कपाटच उघडून दाखवले होते. चादरींचे जोड इतके कमी होते की संध्याकाळच्या चेकइनसाठी सकाळच्या चादरी लगेच धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पलंगावर एक, धुण्यात एक आणि कपाटात एक असे किमान तीन संच असावेत, हा हॉटेल व्यवसायातला जुना हिशेब आहे. तो मोडून वाचवलेले पैसे विजेच्या आणि गरम पाण्याच्या रूपाने दररोज बाहेर जात होते. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण चार युनिट लागतात. अर्ध्या भरलेल्या यंत्राला तेवढाच खर्च पडतो आणि काम निम्मे होते. अशा वेळी कर्मचाऱ्याला प्रेरणा देण्याची गरज नसते, त्याला चादरी देण्याची गरज असते.

तक्रारीची भीती काढून घ्यावी

कर्मचाऱ्याच्या दृष्टीने वीज वाचवली तर कोणी शाबासकी देत नाही, पण पाहुण्याची तक्रार आली तर पगारापर्यंत गोष्ट जाऊ शकते. या तराजूत तो दरवेळी तक्रार टाळण्याच्या बाजूने झुकणार, आणि ते योग्यच आहे. म्हणून नियम लेखी असावा, त्यावर व्यवस्थापकाची सही असावी आणि त्यातले शेवटचे वाक्य असे असावे की नियमाप्रमाणे वागल्यावर तक्रार आली तर तिची जबाबदारी व्यवस्थापकाची राहील. हे एक वाक्य दहा भित्तिपत्रकांपेक्षा अधिक काम करते.

नियम पाळता येण्याजोगा होण्यासाठी विभागांमधला दुवाही जोडावा लागतो. रिकाम्या खोलीतला एसी बंद राहील आणि पाहुणा येण्यापूर्वी वीस मिनिटे रिसेप्शनवरून त्या मजल्यावर फोन जाईल, असे ठरले तर खोली गारही मिळते आणि दिवसभराचा एसीही वाचतो. पाहुणा अचानक आला तर चेकइनचे कागद भरून होईपर्यंत मजल्यावरच्या मुलाने वर जाऊन एसी लावावा. तापमान २४ अंशांवर लावावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १ जानेवारी २०२० पासून ऊर्जाबचतीचे तारे (स्टार लेबल) असलेल्या रूम एसींसाठी हेच मूळ (डिफॉल्ट) तापमान ठरवून दिले आहे, आणि एक अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगतो. एसी १८ वर लावला की खोली लवकर गार होते, हा समज हॉटेलात फार खोलवर रुजलेला आहे. साध्या एसीत तसे होत नाही. कॉम्प्रेसर त्याच जोमाने चालतो, फक्त जास्त वेळ चालतो. हे सांगून पटत नाही. दोन शेजारच्या खोल्यांत एक एसी १८ वर आणि एक २४ वर लावून, घड्याळ आणि तापमापक हातात देऊन मुलांनाच पाहू द्यावे. २४ अंश गाठायला दोन्ही खोल्यांना जवळपास सारखाच वेळ लागलेला पाहिला, की पुढे तेच नव्या मुलाला शिकवतात.

आणि खोली आवरताना एसी बंदच ठेवा, असा अट्टहास करू नये. त्या वेळी खिडकी उघडून पंखा चालवावा किंवा २६ अंशांवर एसी ठेवावा, अशी सवलत दिली तर खाचेतला गुलाम आपोआप निघतो.

आकडा त्यांच्या नजरेसमोर आणावा

महिन्याचे वीजबिल कर्मचाऱ्याला काहीच सांगत नाही. ते उशिरा येते, सगळ्या विभागांचे एकत्र येते आणि मागणी आकार, वीज शुल्क, इंधन समायोजन अशा शब्दांनी भरलेले असते. ज्या कृतीचे फळ महिन्याभरानंतर आणि तेही दुसऱ्यांच्या फळात मिसळून दिसते, त्या कृतीची सवय लागत नाही. म्हणून लाँड्री, स्वयंपाकघर, एसीची यंत्रणा आणि जमल्यास प्रत्येक मजला यांना स्वतंत्र उपमीटर बसवावेत. रोज एकाच वेळी, समजा सकाळी सात वाजता, त्याच विभागातल्या माणसाने त्याचा आकडा वाचून फळ्यावर लिहावा. देखभाल विभागाच्या माणसाने लिहिला तर तो ‘त्यांचा’ आकडा राहतो. धोब्याने लिहिला की लाँड्रीचा होतो. फळा हजेरीच्या यंत्राजवळ किंवा कँटीनच्या दाराशी असावा.

फळ्यावर नुसते एकूण युनिट लिहिले तर अन्याय होतो. समजा, ३० खोल्या भरलेल्या दिवशी ९०० युनिट लागले आणि ४५ खोल्या भरलेल्या दिवशी १,१७० लागले. एकूण आकडा वाढला, तरी भरलेल्या खोलीमागे वापर ३० युनिटांवरून २६ वर आला. परंतु या भागाकारातही एक मेख आहे. लॉबी, कॉरिडॉर, शीतगृह आणि पाण्याचे पंप खोल्या भरोत वा न भरोत चालतच असतात, त्यामुळे मंदीच्या दिवसांत दरखोली आकडा नेहमीच वाईट दिसतो. म्हणून साधारण तितक्याच खोल्या भरलेल्या दिवसांशी आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. मे महिन्याची डिसेंबरशी तुलना करून कोणाला शाबासकी किंवा बोलणी देऊ नयेत. कर्मचाऱ्यांना ऊन-पावसाचा हिशेब कळतो, आणि चुकीच्या तुलनेमुळे त्यांचा विश्वास एकदा उडाला की फळ्याकडे कोणी पाहत नाही.

स्वयंपाकघरात विजेइतकाच गॅस महत्त्वाचा असतो. तिथे १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर दर शंभर थाळ्यांमागे किती लागले, हे माप आचाऱ्यांना लगेच समजते. आचारी मंडळींशी बोलताना मात्र सूर सांभाळावा. भट्टीपाशी आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला बाहेरून आलेल्याने गॅस कसा वाचवावा हे शिकवलेले आवडत नाही, आणि बऱ्याचदा त्याची गरजही नसते. डाळी आदल्या रात्री भिजवणे, उकळी आल्यावर झाकण ठेवून आच मंद करणे, बर्नरची भोके साफ करून पिवळी ज्योत निळी करणे हे सगळे त्यांना ठाऊक असते. रिकामे बर्नर पेटते राहतात ते लायटर सापडत नाही म्हणून, किंवा गर्दीत पुन्हा पेटवायला वेळ नाही म्हणून. प्रत्येक रेंजला साखळीने बांधलेला एक लायटर दिला तर हा प्रश्न निम्मा सुटतो. धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्याचे तसे नाही. त्याचा आवाज इतका सवयीचा झालेला असतो की दुपारी तीन ते सहा भट्ट्या बंद असल्या तरी तो चालूच राहतो. तीन अश्वशक्तीची मोटर रोज दोन तास जादा चालली तर महिन्याला सुमारे १३० युनिट जातात. वेग बदलण्याची सोय असेल तर वेग पाचव्या भागाने कमी केल्यावर विजेचा वापर जवळपास निम्म्यावर येतो, हेही मुख्य आचाऱ्याला सांगून ठेवावे आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा.

बक्षीस : किती, कोणाला आणि कोणत्या रूपात

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे. मी काम केलेल्या एका हॉटेलात ‘सर्वाधिक बचत करणाऱ्या विभागाला’ रोख बक्षीस जाहीर झाले होते. पहिल्याच महिन्यात हाउसकीपिंगने कॉरिडॉरचे निम्मे दिवे काढले आणि एक वयस्कर पाहुण्या पायरी न दिसल्याने पडल्या. लाँड्रीने गार पाण्यात रुमाल धुतले आणि ते जेवणाच्या टेबलावर हळदीच्या डागांसह पोहोचले. बक्षीस कोणालाच न देता योजना गुंडाळण्यात आली आणि त्यानंतर वर्षभर ‘वीजबचत’ हा शब्द उच्चारला की लोक हसत. स्पर्धा लावली की माणसे आकडा जिंकायला जातात. शिवाय जिथे एका विभागाचे काम दुसऱ्याच्या वेळेवर अवलंबून असते, तिथे विभागांना एकमेकांविरुद्ध उभे करणे धोक्याचे असते.

त्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एक वाटा ठरवावा. हॉटेलात टिप-बॉक्सचे पैसे पॉइंटप्रमाणे, म्हणजे प्रत्येकाला ठरवून दिलेल्या गुणांच्या प्रमाणात, वाटण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची असते; तोच साचा वापरावा. उदाहरणार्थ, तिमाहीत खरोखर ४८,००० रुपये वाचले आणि त्यांतला चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांचा असे आधीच ठरलेले असेल, तर १२,००० रुपये चाळीस जणांत वाटले जातील आणि प्रत्येकाला सरासरी ३०० रुपये मिळतील. रक्कम मोठी नाही, आणि ती मोठी आहे असे भासवूही नये. तिचे मोल एवढेच की मालकाने हिशेब उघड्यावर मांडला आणि दिलेला शब्द ठरलेल्या तारखेला पाळला. कंत्राटी कामगारांना या वाट्यातून वगळू नये. झाडू-पोछा, सुरक्षा आणि बाग ही कामे अनेक ठिकाणी कंत्राटावर असतात आणि नेमकी रात्रीची बटणे याच लोकांच्या हातात असतात.

पैशापेक्षाही एक गोष्ट अधिक परिणाम करते, असे माझे मत झाले आहे, आणि ती म्हणजे बचतीचा काही भाग कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या सोयीवर खर्च करणे. ज्या इस्त्रीघरात उन्हाळ्यात उभे राहवत नाही, तिथला हवा बाहेर फेकणारा पंखा सहा महिने बंद असेल, तर तिथल्या माणसाला पाहुण्याच्या खोलीतल्या एसीबद्दल काटकसर शिकवण्याचा नैतिक अधिकार व्यवस्थापनाला उरत नाही. पहिल्या तिमाहीच्या बचतीतून तो पंखा दुरुस्त करावा. स्टाफ क्वार्टर्समध्ये ७५ वॅटचे जुने पंखे काढून सुमारे ३० वॅटचे, कमी वीज घेणाऱ्या मोटरचे (बीएलडीसी) पंखे लावले, तर वारा मिळतो, वीज वाचते आणि बचत म्हणजे काय हे रोज रात्री झोपताना डोक्यावर फिरताना दिसते. उलट, बचतीच्या नावाखाली कर्मचाऱ्यांच्या अंघोळीचे गरम पाणी किंवा कँटीनचे पंखे कधीही कमी करू नयेत. एवढ्या एका गोष्टीने बाकी सगळे वाया जाते.

वरिष्ठांचे वागणे, आणि खुणा

मॅनेजर फेरीवर गेलेले असताना त्यांच्या रिकाम्या केबिनमधला एसी चालू आहे, हे ऑफिसबॉय पाहतो आणि तासाभरात ते सगळ्या हॉटेलला कळते. माणूस शेजारच्याकडे पाहून वागतो. अमेरिकेतल्या एका हॉटेलातील २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा असे सांगणाऱ्या कार्डाला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला, तर ‘इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे सांगणाऱ्या कार्डाला सुमारे ४४ टक्क्यांनी. प्रयोग पाहुण्यांवरचा असला तरी कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही ‘दुसऱ्या मजल्यावरचे सगळे हे करतात’ हे वाक्य ‘तुम्ही हे केले पाहिजे’ या वाक्यापेक्षा लवकर पोहोचते, असे मला तरी आढळले आहे. म्हणून सुरुवात एका उत्साही मजल्यापासून करावी आणि विभागप्रमुखांनी आपली बटणे आधी सांभाळावीत.

‘कृपया दिवे बंद करा’ ही पाटी आठवड्याभरात भिंतीचा भाग होते. शिवाय महाराष्ट्र आणि गोव्यातल्या हॉटेलांत ओडिशा, उत्तराखंड, झारखंड, ईशान्य भारत आणि नेपाळमधली मुले मोठ्या संख्येने काम करतात. मराठी किंवा इंग्रजी पाटी सर्वांना सारखीच वाचता येते असे नाही. बटणांवर रंगीत ठिपके लावावेत. लाल म्हणजे कधीही बंद करायचे नाही : डीप फ्रीझर, आगीची सूचना देणारी यंत्रणा, जिन्यातले दिवे. हिरवा म्हणजे जाताना बंद करायचे, आणि पिवळा म्हणजे विचारून बंद करायचे. यातला लाल ठिपका सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चुकीचे बटण बंद झाले तर काय होईल या धास्तीनेच अनेक जण कोणत्याच बटणाला हात लावत नाहीत.

अभिमान हाही भाग आहे. मुंबईत विलेपार्ले येथील विठ्ठल कामत यांचे ‘द ऑर्किड’ हे आशियातील पहिले इकोटेल (पर्यावरणपूरक हॉटेलांना मिळणारे प्रमाणपत्र) प्रमाणित पंचतारांकित हॉटेल म्हणून ओळखले जाते, आणि इकोटेलच्या पाच कसोट्यांपैकी एक कर्मचाऱ्यांच्या पर्यावरणशिक्षणाची आहे. प्रत्येक हॉटेलाने प्रमाणपत्राच्या मागे लागावे असे नाही. परंतु ज्याच्या सूचनेने एखादी गोष्ट बदलली, त्याचे नाव फळ्यावर लिहावे आणि पाहुण्यांना माहिती देताना ते काम त्याच्याच तोंडून सांगू द्यावे. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन बहुतेक ठिकाणी रांगोळी आणि भाषणात संपतो. त्या दिवशी त्याऐवजी पहाटे दोन ते चार या वेळेत प्रत्येक विभागातला एक माणूस घेऊन, सुरक्षारक्षकाला पुढे ठेवून संपूर्ण हॉटेलाची फेरी मारावी आणि त्या वेळी काय काय चालू आहे याची वही भरावी. पहिल्या फेरीनंतर मिळणारी यादी पाहून मालकाची झोप उडते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

सुरुवात आणि सातत्य

पहिला महिना फक्त आकडे नोंदवावेत, कोणालाही काही बदलायला सांगू नये; तुलनेसाठी खरा पाया तेव्हाच मिळतो. दुसऱ्या महिन्यात एकच नियम घ्यावा, शक्यतो रिकाम्या खोलीच्या एसीचा. तो अंगवळणी पडल्यावर लाँड्री, मग स्वयंपाकघर. प्रशिक्षणासाठी वेगळा दिवस काढण्याऐवजी पाळीच्या सुरुवातीच्या ब्रीफिंगमध्ये तीन मिनिटे द्यावीत आणि ती कालच्या फळ्यावरच्या आकड्याबद्दलच असावीत. हॉटेलात माणसे सतत बदलतात. गोव्यात तर ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होताना निम्मा चमू नवा असू शकतो. म्हणून नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ठिपक्यांची ओळख त्याच्यासोबत काम करणाऱ्या जुन्या माणसाने करून द्यावी.

एखाद्या दिवशी आकडा अचानक वाढेल. अशा वेळी ब्रीफिंगमध्ये दोषी शोधू नये. त्या विभागात जाऊन ‘काल काय वेगळे झाले?’ एवढेच विचारावे आणि उत्तर फळ्यावर आकड्याशेजारी लिहावे : ‘शीतगृहाच्या दाराचे रबर फाटले’, ‘लग्नाचे जेवण रात्री एकपर्यंत’, ‘गीझरचा थर्मोस्टॅट अडकला’. फाटलेले रबर त्याच आठवड्यात बदलून मिळाले, तर पुढच्या वेळी आकडा वाढण्याची वाट न पाहता स्टोअरमधला मुलगा स्वतःच येऊन सांगतो की दार नीट बसत नाही.